मायचं जिंतूर

माझ्या मायला भाऊ नव्हता. आमच्याकडे सासरी असलेल्या लेकीला न्यायला माहेरचा माणूस यावा लागतो. त्याला मुराळी म्हणतात. मायला मुराळीच नाही. आजी जिंतूरला, गुडघ्यांनी अधू, भावकीच्या आधारानं राहायची. त्यामुळे दादांना, म्हणजे माझ्या वडलांना, कापसातून सवड मिळेल तेव्हाच मायचं माहेर. आणि दादांची सवड म्हणजे उंबराचं फूल. एकटीनं जायची तिची तयारी होती, पण देवगाव फाट्यावर एसटी बदलावी लागे आणि मायला गाडीवरची पाटी वाचता येत नव्हती. "इचारत इचारत जाते की," ती म्हणायची. दादा म्हणायचे, "अन् भलतीकडं गेलीस म्हंजी?" तिथं बोलणं संपायचं.

मग गावात प्रौढांचा वर्ग निघाला. देवळाच्या ओसरीवर, दिवेलागणीला. शिकवायला शेजारची नवी सून, बारावी झालेली. ती परभणीहून प्रशिक्षण घेऊन आली आणि येताना एक मोठं ज्ञानही घेऊन आली: माणसं तीन तऱ्हेची असतात. कोणी डोळ्यांनी शिकतं, कोणी कानांनी, कोणी हातांनी. ज्याची तऱ्हा ओळखली त्याचं कल्याण झालंच समजा. शाळेचे गुरुजी हे ऐकून खवळले. "आजवर समदी पोरं घोकूनच शिकली. त्यांना काय दोन कान जास्तीचे होते?" दोघांची ओसरीवरच जुंपायची आणि बायका पाट्या मांडीवर घेऊन मजेत ऐकायच्या. शिकण्यापेक्षा शिकवावं कसं याचाच तिथं जास्त काथ्याकूट झाला.

मायवर दोघांनीही हात साफ करून घेतला. सुनेनं ठरवलं, काकू डोळ्यांच्या. अननसाचं चित्र दाखवून तिनं विचारलं, "हे काय?" आमच्या गावात अननस कोणी पाहिलेला नव्हता. माय म्हणाली, "केवड्याचं कणीस," आणि त्या चित्राखालच्या 'अ'ला ती बरेच दिवस 'के' म्हणत राहिली. मग गुरुजींनी तिला कानांची ठरवलं. माय जात्यावरच्या ओवीच्या चालीत बाराखडी म्हणू लागली. इतकी गोड, की मला ती अजून ऐकावीशी वाटते आणि ऐकवणारं कोणी नाही. पण पाटीवरच्या अक्षरावर बोट ठेवलं की चिडीचूप. शेवटी सून म्हणाली, काकू हातांच्याच. तेव्हापासून माय काठवटीतल्या पिठात बोटानं अक्षरं काढत बसायची आणि आम्ही भुकेजलेली पोरं भाकरीची वाट बघायचो.

संक्रांतीच्या सुमाराला निरोप आला, आजीनं अंथरूण धरलंय. दादा वेचणीत अडकलेले. त्या दिवशी मायनं पाटी सुनेपुढं ठेवली. "मला अ-आ नगं बाई. मला जिंतूर शिकीव."

सुनेनं लिहून दिलं. मायनं ते पाहिलं, पुटपुटलं, गिरवलं. चुलीपुढच्या राखेत, गोठ्याच्या भिंतीवर ओल्या बोटानं, वेणी घालताना माझ्या पाठीवर. आठवडा सरायच्या आत ती एकटी निघाली. दादा वेशीपर्यंत गेले आणि परत येऊन वेचणीला लागले.

गुरुजी म्हणाले, कानांनी शिकली, पुटपुटताना मी ऐकलंय. सून म्हणाली, हातांनी. तो वाद मिटला नाही. मला विचाराल तर माय आईच्या ओढीनं शिकली.

जिंतूरला ती दारात उभी राहिली तेव्हा आजीनं मान उचलून तिच्या मागं पाहिलं. "जावई कुटं हायेत?"

"न्हाई आले. मी एकलीच आले."

"वाट कशी घावली?"

"पाटी वाचली."

आजीला काही ते खरं वाटेना. जावयासाठी चहा टाक, असं ती सांगतच राहिली.

त्या उन्हाळ्यात आजी गेली. मायला फाट्यावर गाडी बदलायचं कारण उरलं नाही. तरी सेलूला जाता-येता तिथं आम्ही थांबलो आणि जिंतूरची गाडी लागलेली दिसली, की माय ती पाटी मोठ्यानं वाचायची. मग ती गाडी सुटेपर्यंत तिथून हलायची नाही.