सौम्य केलेलं कलम

माझा धाकटा दीर जहाजावर नोकरीला आहे. मांडवीच्या आमच्या घरात मी, माझे यजमान आणि माझी जाऊ, एवढीच माणसं असतो. गेल्या खेपेला निघण्यापूर्वी दिराने क्रेडिट कार्डावर फ्रीज घेतला आणि बिल खात्यातून आपोआप जाईल अशी सोय करून ठेवली. ती सोय कुठेतरी अडकली. बँक ज्या नंबरावर निरोप पाठवत होती, तो फोन भर समुद्रात बंद पडलेला. मग वसुलीवाल्यांनी घरी जावेच्या मोबाइलवर फोन सुरू केले.

जावेकडे पैसे होते. तिने पहिल्याच फोनला विचारलं, किती भरायचे सांगा, मी भरते. पलीकडून उत्तर आलं, माहिती गोपनीय आहे, फक्त कार्डधारकालाच देता येते. दमदाटीला मात्र ही गोपनीयता आड येत नव्हती. नवरा पळाला का, घरी माणसं पाठवू का, असं तिला दिवसातून कितीदा तरी ऐकवत. बँकेकडे तक्रार केली, तर तक्रार नोंदवल्याचा निरोप आला आणि फोन चालूच राहिले. फोन वाजला की ती हातातलं काम टाकून मागच्या पडवीत जाऊन उभी राहायची. ते बघून माझ्या डोक्यात तिडीक जायची.

त्यात आमच्याच लोकांनी करावी अशी एक चूक दिराने करून ठेवली होती. कार्डाच्या अर्जात ओळखीच्या माणसाचा नंबर मागतात. दुसरा कुणी असता तर मित्राचा देऊन मोकळा झाला असता. पण आमच्याकडे सोयरीक जुळवायची असो की जमिनीची हद्द ठरवायची असो, वाडीच्या गावकरांना, म्हणजे वाडीच्या प्रमुखांना, पुढे केल्याशिवाय पान हलत नाही. शिमग्याची पालखीही त्यांच्या शब्दावर उठते. दिराने मोठ्या आदराने त्यांचाच नंबर दिला, आणि वसुलीवाल्यांनी तो फिरवला. एका फ्रीजची गोष्ट अशी सगळ्या वाडीत झाली.

हे गावकर आमच्या ग्राहक मंडळाचेही अध्यक्ष आहेत आणि मी तिथली चिटणीस. त्यांनी फोनवरच्या माणसाची चांगली खरडपट्टी काढली. संध्याकाळी स्वतः घरी आले आणि जावेला म्हणाले, "तू घाबरू नको गो. हा तुझा एकटीचा प्रश्न नाय. आपण वरपर्यंत जाऊ."

वरपर्यंत जायची वाट उघडी होतीच. कार्डाच्या वसुलीबद्दल नवे नियम येणार होते आणि रिझर्व्ह बँकेने मसुद्यावर लोकांच्या सूचना मागवल्या होत्या. मी हयातभर शाळेत नागरिकशास्त्र शिकवलं. कायदा लोकांसाठी असतो, हे वाक्य इतक्यांदा फळ्यावर लिहिलं की माझा त्यावर विश्वासच बसला. मी कलम लिहून काढलं. कार्डधारक सोडून कुणालाही वसुलीचा फोन करू नये, केल्यास बँकेला दंड व्हावा. ग्राहक दिनाच्या कार्यक्रमात जाऊ स्वतः उभी राहून अनुभव सांगणार आणि मग आम्ही सूचना पाठवणार, असं ठरलं. चार बायकांत मोठ्याने न बोलणारी ती, पण पडवीत येरझाऱ्या घालत सराव करू लागली.

कार्यक्रमाच्या आठवडाभर आधी मंडळाची बैठक झाली. यंदाचा मंडप, चहा आणि कापडी पिशव्या यांचा खर्च एक बँक देणार होती. फोन करणारी ती नव्हे, दुसरी. पण कार्डं तीही विकते. अध्यक्षांनी माझं कलम वाचलं आणि म्हणाले, "जरा सौम्य करूया. नातेवाइकांना शक्यतो फोन करू नये, असं घालू. दंडाचं राहू दे."

"बँकेने सांगितलंय का?" मी विचारलं.

"छे. ते बिचारे काहीच बोलले नाहीत. पण आपल्यालाही कळायला हवं ना."

मी तोंडाला येईल ते बोलले. तुम्हाला स्वतःला फोन आला होता, याचीही आठवण दिली. ते माझ्याकडे न बघता म्हणाले, पुढच्या वर्षीचा मंडप तुम्ही घालणार का? हात वर झाले आणि कलम सौम्य झालं. जावेच्या भाषणाला वेळ उरला नाही, असंही तेव्हाच ठरलं.

मला आजवर वाटायचं, कायदा पैशाने वाकवतात म्हणजे कुणीतरी कुणाच्या तरी हातात पाकीट देत असणार. इथे कुणी काही मागितलंच नव्हतं. मंडपाच्या कापडापुरत्या पैशाला आमची माणसं आपणहून वाकली, आणि ती वाईटही नाहीत. मग मुंबई-दिल्लीत, जिथे याहून कितीतरी मोठे मंडप घातले जातात, तिथे एखादं कलम कसं टिकत असेल? मला त्या दिवशी रडूच आलं.

घरी येऊन जावेला सगळं सांगितलं. ती बांगडे साफ करत होती. तिने हात धुतले, पुसले आणि विचारलं, "सूचना मंडळानेच पाठवायची असते काय?"

"नाही. कुणीही पाठवू शकतं."

"मग माझी पाठवा."

मी संगणक उघडला. ती सांगत गेली, मी उतरवत गेले. तिने फोनवरचे शब्द जसेच्या तसे सांगितले, आवाज न चढवता. गावकरांबद्दल एक अक्षर वाकडं बोलली नाही. शेवटी नाव, पत्ता आणि फोन नंबर भरायचा होता. मी म्हटलं, "नंबर माझा घालते. तुझा कशाला? परत कुणीतरी फोन करायला लागेल."

"माझाच घाला वैनी," ती म्हणाली. "नको त्या सगळ्यांकडे गेलाय तो. एकदा तरी ऐकून घेणाऱ्याकडे जाऊ दे."