ब्रेकबाई आणि शेजारची सीट

ब्रेकबाई हे नाव नणंदेनं ठेवलं आणि अख्ख्या गल्लीनं उचललं. नाव खोटं नव्हतं म्हणा. ड्रायव्हिंग स्कूलमध्ये बाई सव्वीस वर्षं शिकाऊ माणसाच्या शेजारी बसल्या. त्या सीटपुढे शिकवणाऱ्यासाठी वेगळा ब्रेक असतो, शिकाऊ गडी भिंतीच्या अंगावर निघाला की दाबायला. सव्वीस वर्षं बाईंच्या पायाखाली तेवढा एकच पेडल! कुणाची सून, कुणाचे सासरे, नवऱ्याशी भांडून शिकायला आलेल्या बायका, सगळ्यांना बाईंनी रस्त्याला लावलं. स्वतः चालवायला बसल्या की शेजारी नवरा असायचाच, "अगं हळू, अगं हळू" करत. एकटीनं, मनाला येईल तशी, पायात जोर असेल तेवढी गाडी पळवायची, हे त्यांना वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षापर्यंत जमलं नव्हतं. आणि आता ते त्यांना हवं होतं. बस्स, हवं होतं.

शहराबाहेरचा रेसचा ट्रॅक वर्षातून एक दिवस साध्या गाड्यांना खुला व्हायचा. नियम असा, की नवख्यानं सकाळच्या फेरीत ट्रॅकचा शिक्षक शेजारी बसवायचा. तो खूश झाला तर काचेवर हिरवं स्टिकर लावणार, आणि मगच दुपारी दोनच्या फेरीत एकट्यानं सोडणार. स्टिकर नाही तर पुढच्या वर्षी या.

"म्हणजे तुझ्या शेजारी मास्तर बसणार! घे, झाली सगळ्या शिकाऊंची फेड," नणंद खो खो हसली होती.

नणंद नवऱ्याची धाकटी बहीण. स्वतःचं गॅरेज, हात कोपरापर्यंत काळे, जीभ त्याहून तिखट. बाईंची बारा वर्षांची टर्बो गाडी तिनंच मनावर घेतली. दर रविवारी दोघी त्या गाडीच्या पोटात. बाईंना वाटलं होतं, इंजिनाची ताकद वाढवायची की झालं काम.

"ताकद वाढवते की! पण आधी थांबायचं सामान, मग पळायचं. तुला हे मी सांगायचं, ब्रेकबाई?"

मग ब्रेकचे पॅड बदलले, चढत्या उष्णतेत उकळणार नाही असं ब्रेकचं तेल भरलं. टर्बो हवा दाबून इंजिनात भरतो, ती दाबली की तापते, आणि तापली की सगळा जोर पाण्यात. म्हणून ती हवा थंड करणारी जाळी दुप्पट मोठी बसवली. त्यासाठी पुढचा बंपर चार वेळा काढला आणि चार वेळा घातला, पाचव्यांदा काढताना बाईंनी तोंडातून जे शब्द काढले ते शिकाऊंच्या कानी पडू नयेत. मागची सीट गेली, कार्पेट गेलं, स्पेअर चाक गेलं. टर्बोचा दाब मात्र नणंदेनं सर्वांत शेवटी वाढवला, तोही जेमतेम. अती तिथे माती, हे तिचं इंजिनाबद्दलचं एकमेव तत्त्वज्ञान.

"आणि हे बघ," तिनं लाकडाची एक पाचर बाईंच्या हातात ठेवली. "फेरी संपली की इंजिन लगेच बंद करायचं नाही, टर्बो भाजून निघतो. दोन मिनिटं तसंच चालू ठेवायचं. आणि हँडब्रेक ओढायचा नाही! ब्रेकची डिस्क लालबुंद असते, पॅड तिला चिकटून बसतात. चाकाखाली पाचर लावायची. कळलं?"

"कळलं गं बाई. शंभरदा सांगितलंस."

सकाळी पिवळ्या टोपीचा मास्तर शेजारी बसला. पहिल्या चार चकरांत त्यानं एकच वाक्य धरलं, "फार लवकर ब्रेक मारताय." सरळ रस्ता संपताना वळणाआधी दोनशे मीटरचा फलक, मग शंभरचा. गाडी शंभरच्या फलकाशी आरामात आवरत होती, पण बाईंचा पाय दोनशेलाच खाली जायचा. शेजारी माणूस बसलाय, त्याचा जीव आपल्या पायात, हे सव्वीस वर्षांत हाडात मुरलेलं. पाचव्या चकरेला त्यांनी दात आवळले, दोनशेचा फलक सोडला, शंभरला पाय दिला. मास्तर "हां!" म्हणाला. स्टिकर मिळालं.

आनंदानं बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. नणंद थांबली होती तिथं गाडी बाजूला आणली. इंजिन बंद करायचं नाही, हे बरोब्बर आठवलं. गिअर न्यूट्रलला टाकला. जागा थोडी उताराची, गाडी सरकायला लागली. आणि हातानं, बाईंना न विचारता, खटाखट हँडब्रेक ओढला.

"वहिनी!" नणंद किंचाळली.

झालं ते झालं. उतारावर आधी पाचर हवी, ती गाडीत शोधण्यात चार मिनिटं गेली. मग हँडब्रेक खाली केला, तर उजवं मागचं चाक हलेना.

"सव्वीस वर्षं मीच सांगतेय लोकांना," बाई रडकुंडीला आल्या, "गाडी थांबली की आधी हँडब्रेक. आधी हँडब्रेक!"

"जित्याची खोड! पाणी ओतू?"

"वेडी आहेस का? तापलेली डिस्क तडकेल ना."

"बघ, अक्कल शाबूत आहे अजून. मग रडू नकोस, जॅक आण."

साडेअकरा वाजले होते. डिस्क हात लावण्याजोगी व्हायला पाऊण तास गेला, आणि तो पाऊण तास बाईंना जन्माइतका लांब वाटला. मग चाक काढलं, हँडब्रेकची तार सैल केली, नणंदेनं रबरी हातोड्यानं ठोकत ठोकत पॅड सोडवले. डिस्कवर पॅडचा काळा ठसा उमटला होता. तो तसाच राहिला तर ब्रेक दाबताना गाडी थरथरणार, आणि तपासणीवाला आत सोडणार नाही. बाई मांडी ठोकून जमिनीवर बसल्या आणि पॉलिशपेपरनं डिस्क घासायला लागल्या. नखं गेली, पाठ गेली. नणंद म्हणाली, "दे, मी करते." बाई म्हणाल्या, "मी ओढला, मीच घासणार."

पावणेदोनला तपासणीवाल्यानं गाडी मैदानात फिरवली, दोनदा ब्रेक मारला, मान डोलावली. बाई बसायला गेल्या तर शेजारची सीट जागेवर नव्हती.

"चार बोल्ट. काढून टाकली," नणंद हात पुसत म्हणाली. "आता घाबरायला कुणी नाही. जा."

बाई गेल्या. सरळ रस्त्याला टर्बोचा जोर पाठीत बसला, दोनशेचा फलक आला आणि पाय शिवशिवला. नजर आपसूक बाजूला गेली. तिथं नुसता पत्रा होता आणि चार बोल्टांची भोकं. फलक मागे गेला. शंभरला त्यांनी ब्रेक मारला, वळण घेतलं आणि मोठ्यानं ओरडल्या. कुणी "हळू" म्हटलं नाही. प्रत्येक चकरेला त्या तिथंच ओरडल्या.

शेवटची चक्कर सावकाश, गाडी थंड करत. त्या बाहेर आल्या, नणंदेनं चाकाखाली पाचर सारली. इंजिन चालूच होतं. दोन मिनिटं झाली, बाईंनी किल्ली फिरवली, तरी त्या उतरेनात.

"काय झालं गं? उतर की."

"हँडब्रेक ओढला नाहीये," बाई म्हणाल्या. "हात कुठे ठेवू तेच कळत नाहीये."

नणंद दुसऱ्या दारानं आत शिरली, जिथं सीट नव्हती तिथं उघड्या पत्र्यावर बसली, आणि काळा हात पुढे केला.