खिडकीखालचं शेड

सोयाबीनची पोती ठेवायला आमच्या घरामागं शेड बांधायला आलेले मिस्त्री ‘पत्रे कमी पडले’ असं कधीच म्हणत नाहीत. “शेडच मोठं धरलं आपण,” म्हणतात. पत्रे वाचावेत म्हणून त्यांनी घराची मागची भिंतच शेडला धरली. पण त्या भिंतीतल्या एकुलत्या खिडकीशी मी अभ्यासाला बसतो, आणि ती झाकली जाणार होती. संकोचानं मी काही बोललो नाही. दुपारी ते पाणी प्यायला आत आले, माझ्या जागेवर जरा बसले आणि बाहेर जाऊन खांब कापायला लागले. छप्पर खिडकीखाली आलं.

“पोत्यांना उजेड काहून पायजे? ती काय वाचून राहिली?” ते हसले.

“वाकून जावं लागंल की, भाऊ,” आई म्हणाली.

“पोतं उचललेला माणूस वाकलेलाच असतो, वहिनी.”