गारीत खरं बोलू नये

माझ्या मुलीच्या लग्नात मी व्याह्यांना भर पंगतीत शिवी घातली. आता शिवी घालणं हा काही गुन्हा नव्हता, ते तर माझं कामच होतं. आमच्या बुऱ्हाणपूरकडे नवरदेवाची मंडळी जेवायला बसली की नवरीकडच्या बायका त्यांना गाण्यातून शिव्या देतात. त्याला आम्ही गारी म्हणतो. शिवी जितकी झणझणीत, तितकी पंगत खूष. नियम एकच, तो कुणी शिकवत नाही, पण सगळ्यांना ठाऊक असतो. गारीतलं सगळं खोटं असलं पाहिजे.

मी खरं बोलले.

मुलीचं सासर आमच्याच नाल्याच्या वरच्या अंगाला. दोन्ही घरं केळीवाली. घडाला डाग पडू नये म्हणून त्याला निळी प्लास्टिकची पिशवी घालतात. घड उतरला की पिशवी बेकार. व्याही त्या ट्रॉली भरभरून नाल्यात ओतायचे, आणि पाऊस लागला की त्या आमच्या शेतात मुक्कामाला यायच्या. बांधाखालची मोरी तुंबायची, केळी गुडघाभर पाण्यात. स्थळ आलं तेव्हा मी हा विषय काढला, तर नवरा म्हणाला, "पोरगा निर्व्यसनी आहे, शिकलेला आहे. पिशव्यांचं लग्नानंतर बघू."

त्याच्या आदल्या वर्षी बाहेरून एक सर आले होते. कलेतून म्हणे समाज बदलायचा. त्यांनी आम्हा बायकांचं पथनाट्य बसवलं आणि इतवाऱ्याच्या चौकात आम्हाला उभं केलं. मला तापी नदी केलं. अभिनयामुळे नाही हो, अंगानं मीच सगळ्यांत भरलेली म्हणून. भाजीच्या गाड्यांमध्ये उभी राहून मी "मला वाचवा, मला वाचवा" करत अर्धा तास रडले. एका म्हातारीनं खरंच पाणी आणून दिलं. प्रमुख पाहुणे कोण, तर हेच, तेव्हा अजून व्याही न झालेले. त्यांनी नारळ फोडला, पर्यावरणावर भाषण ठोकलं, माझं रडणं बघून डोळेसुद्धा पुसले. आणि चार दिवसांनी ट्रॉली नाल्यात रिकामी केली. डोंबलाचं परिवर्तन!

तर लग्न. वरण-बट्टी, वांग्याची भाजी, वर तुपाची धार. माझ्या जावेनं ढोलकी घेतली आणि विहीणबाईंपासून सुरुवात केली.

"विहीण गेली बाजाराला बांगडीवाल्यासंगं गं,
सायकलवरती डबलसीट, पदर राहिला मागं गं!"

विहीणबाई इतक्या सोवळ्या की देवळातल्या पुजाऱ्यासमोरही डोक्यावरचा पदर सरकू देत नाहीत. म्हणून तर मजा. पंगत खदाखदा हसली. त्या स्वतः तोंडात पदर कोंबून हसत होत्या. मग जाऊ माझ्याकडे वळली, "आता तुम्ही म्हणा, जिजी." आणि माझ्या जिभेला काय झालं देव जाणे.

"व्याही बसले पाटावर, मिशीला लावती तूप गं,
निळ्या पिशव्या नाल्यात टाकून घरी बसती चूप गं!"

ढोलकी थांबली. व्याह्यांचा बट्टी कुस्करणारा हात थांबला. नवऱ्यानं माझ्याकडे असं बघितलं की मला वाटलं, आज हा मलाच नाल्यात टाकतो. पण खरं सांगते, मला भीती वाटली ती मुलीकडे बघून. हळदीच्या हातांनी ती तिथंच बसली होती, आणि संध्याकाळी तिला याच माणसाच्या घरात जायचं होतं.

तेवढ्यात समोरून बारीक आवाज आला. विहीणबाई! पाटावरून न उठता त्यांनी उत्तर दिलं.

"विहीणबाई झाल्या तापी, चौकामध्ये नटल्या गं,
त्यांच्या ठिबकच्या जुन्या नळ्या तापीत कुणी टाकल्या गं?"

अगं आई गं! नळ्या आमच्याच होत्या. नवऱ्यानं टाकल्या होत्या, आणि टाकताना बॅटरी मीच धरली होती. मग व्याहीच आधी हसले, मग पंगत हसली, आणि बट्टी पुन्हा फिरू लागली. लग्न पार पडलं.

आणि ऐका, गाणं लागू पडलं! त्या पावसात नाल्यातून एकही निळी पिशवी खाली आली नाही. मोरी मोकळी. आम्हीही यंदाच्या जुन्या नळ्या मुकाट्यानं भंगारवाल्याला दिल्या. सरांना हे कळलं तसे ते फोन घेऊन धावत आले. नाल्याचा व्हिडिओ काढला, मला गारी तीनदा म्हणायला लावली. मी चौथ्यांदा आपणहून म्हटली. आठवडाभर माझे पाय जमिनीवर नव्हते. सिंधीपुऱ्यातल्या नणंदेला मी स्वतः फोन करून सांगितलं की अख्ख्या गावानं जे केलं नाही ते मी दोन ओळींत केलं.

मग एका दुपारी मुलीचा फोन आला. मी माझंच सुरू केलं, व्हिडिओ बघितला का, किती जणांनी बघितला. ती खोकत होती.

"काय गं, सर्दी झाली का?"

"नाही मम्मी. ते पिशव्या आता नाल्यात नाही टाकत ना. जाळतात. घरामागेच, किचनच्या खिडकीजवळ."

माझं डोकंच फिरलं. "मग तू गप्प काय बसलीस? सांग ना सासऱ्यांना तोंडावर!"

"एकदा सांगितलं," ती म्हणाली. "सगळे हसायला लागले. मी काहीही बोलले ना मम्मी, तरी म्हणतात, आली बघा आईची गारी."

मी म्हटलं, "खिडकी तरी लावून घेत जा बाई."

"लावलेलीच आहे," ती म्हणाली, आणि पुन्हा खोकायला लागली.