जाऊबाईंची काच

मोठ्या जाऊबाईंना घरातले सगळे पाठीमागे तोफ म्हणायचे. त्या बसमध्ये कंडक्टर होत्या. "पुढे सरका" म्हणून एकदा ओरडल्या की उभे असलेले तर सरकायचेच, बसलेलेही दचकून सरकायचे. भांडायला त्यांना कारण लागत नसे, पण त्यांची बरीचशी भांडणं दुसऱ्यासाठी असत. धाकटी लग्न होऊन आली आणि नोकरी करते म्हणाली, तेव्हा सासूबाईंनी तोंड फिरवलं. तोफेनं घर असं डोक्यावर घेतलं की शेवटी सासूबाईच म्हणाल्या, "जाऊ दे तिला कामाला, पण हिला आधी गप्प करा."

अशी धाकटी इस्पितळाच्या तळघरातल्या प्रयोगशाळेत रुजू झाली. ऑपरेशनमध्ये काढलेल्या गाठींचे तुकडे मेणात बसवून तिच्या टेबलावर यायचे. ती त्यांचे कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ काप काढायची, कोमट पाण्यावर तरंगवायची आणि अलगद काचेवर उचलून घ्यायची. मोठ्या आतड्याच्या कॅन्सरच्या काचांना एक वेगळा रंग द्यावा लागे. शरीराच्या रक्षक पेशी त्यात तपकिरी ठिपक्यांसारख्या उठून दिसायच्या. मग यंत्र ते ठिपके मोजायचं, गाठीच्या कडेला आणि गाठीच्या आत. ठिपके दाट असले, तर शरीर लढतंय आणि गाठ परतण्याचा धोका कमी. विरळ असले, तर धोका जास्त.

जाऊबाईंनी रक्त पडणं मूळव्याध समजून बरेच दिवस अंगावर काढलं. शेवटी मोठ्या आतड्याचा कॅन्सर निघाला, ऑपरेशन झालं, आणि त्यांच्या गाठीचा मेणाचा ठोकळा धाकटीच्याच टेबलावर आला.

"दुसऱ्या कुणाला देऊ का?" प्रयोगशाळेतल्या डॉक्टरांनी विचारलं.

"नको सर. माझ्याच हातून होऊ दे."

काप पहिल्याच खेपेला सरळ निघाला. रंग चढल्यावर तिनं सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. कडेला थोडे ठिपके होते, इकडे एक, तिकडे दोन. आत सगळं फिकट निळं.

"सर, रंगच नीट बसला नाही. पुन्हा करते."

डॉक्टरांनी काच जरा सरकवली. रंग तपासण्यासाठी कोपऱ्यात मुद्दाम रक्षक पेशींनी भरलेला दुसराच एक निरोगी तुकडा ठेवलेला असतो. तिथे ठिपके गच्च होते. रंगात काही खोट नव्हती. तरी तिनं पुन्हा केलं. यंत्राच्या अहवालातही तेच आलं: प्रतिकार कमी.

पूर्ण केमो घ्यायचं ठरलं. त्या संध्याकाळी जाऊबाईंनी धाकटीला जवळ बसवून घेतलं.

"तू बघितलंस ना? खरं सांग, माझ्या आत कुणी लढतच नाही?"

"आहेत थोडे. पण आत शिरत नाहीयेत."

जाऊबाई आधी हसल्या. "कमालच आहे बाई! जन्मभर मी दिसेल त्याच्याशी भांडले, आणि माझीच माणसं दाराशी उभी राहून बघतायत?" मग हसू विरलं. "माझं काही चुकलं का गं? मी मनातून घाबरले, म्हणून झालं असेल का?"

"नाही हो. याचा धीराशी काही संबंध नाही. काही गाठी त्यांना आत येऊच देत नाहीत."

"मग तसं लिहा ना तुम्ही लोक. प्रतिकार कमी! मी काय कमी प्रतिकार केला?"

तो शब्द धाकटी वर्षानुवर्षं वाचत आली होती. ज्याची गाठ आहे त्याच्या कानाला तो कसा लागत असेल, हे तिच्या कधी मनातही आलं नव्हतं.

केमोनं जाऊबाईंची बोटं बधिर झाली, थंड भांडं हातात धरवेना. तरी सुई नीट टोचली नाही म्हणून त्या नर्सला झापत, आणि मग तिलाच जवळची बिस्किटं देत. सगळं पार पडलं. त्या पुन्हा बसवर गेल्यासुद्धा. वर्ष उलटलं आणि गाठ यकृतात निघाली.

शेवटी त्या घरीच होत्या. एका दुपारी म्हणाल्या, "केस विंचरून दे. उगाच ओढू नकोस." धाकटी मागे बसली. केस विरळ झाले होते, फणी सहज फिरत होती.

"भांग वाकडा पाडलास."

"सरळच आहे, जाऊबाई."

"वाकडाय. मला कळतं."

तिनं भांग मोडून पुन्हा पाडला आणि तीन पेड घेतले. वेणी अर्धी झाली तेव्हा जाऊबाईंची मान तिच्या खांद्यावर कलली. श्वास थांबलाय हे तिला लगेच समजलं. तिनं कुणाला हाक मारली नाही. त्यांना तसंच टेकवून धरून तिनं वेणी शेवटपर्यंत घातली, आणि मगच ती रडली.