रीळ खात्यातली हवा

खामगावच्या सूतगिरणीत रंगरावला सारे हवावाला म्हणत. छताखालच्या पत्र्याच्या बोगद्यात बाहेरची हवा आत घेणाऱ्या झडपा होत्या. नळीतून दाबाची हवा आली की सिलिंडरचा दांडा झडप उघडायचा. दाब उतरला की स्प्रिंग ती मिटवायची. किती उघडू द्यायची ते रंगरावच्या पान्यावर. स्प्रिंगचा नट आवळला की झडप फटीएवढीच उघडे. मंग आतलीच ओली, कोंदट हवा फिरत राही.

रीळ खात्यात सूत गुंडाळणाऱ्या साऱ्या बायाच. त्यातली सत्यभामाबाई जिभेची मोठी तिखट. एका दुपारी रंगराव शिडीवर चढलेला पाहून ती ओरडली, "काऊन बे हवावाल्या, साऱ्या गिरणीले हवा देतं, अन् घरी बायकोच कशी गुदमरून माहेरी लोणारले पयाली?"

खातं खदखदलं. रंगरावही कसनुसा हसला. हसत हसतच तिच्या ओळीवरच्या झडपेपाशी गेला अन् नट आवळला. ही बाई पदर पसरून हवा मागेल, तवाच सैल करायचा.

वैशाख तापला होता. त्या ओळीतल्या बायांची लुगडी अंगाला चिकटली. शेजारची शालूबाई पोटुशी. ती कोपऱ्यात जाऊन ओकायची. सत्यभामाबाई तिच्या तोंडावर पाणी मारी, वर झडपेकडं पाही, पण मागत नसे.

रंगराव मुद्दाम खालून चकरा मारी. "गरम तर नाई होऊन राह्यलं ना, बाई?"

"नाई बा. तुह्या चुलीवानी थंड हाय इथं."

नट आणखी आवळला गेला.

पण दमट हवेत सूत तुटत नाही. त्या ओळीचा माल वाढलेला खातेमास्तर किसनरावांच्या ध्यानात आला. त्यांनी रंगरावला गाठून विचारलं, त्यानं नट आवळल्याचं सांगितलं.

"मंग साऱ्या झडपा तशाच आवळ," मास्तर म्हणाले. "एक जरी सैल दिसली, तर तुले फाटक बंद."

रंगरावनं साऱ्या आवळल्या.

त्याच आठवड्यात शालूबाई मशीनवरच कोसळली. तिला उचलून बाहेर नेलं. सत्यभामाबाई तशीच रंगरावच्या शिडीखाली आली. तिनं पदर पसरला.

"रंगराव भाऊ, चुकलं माहं. थोडी हवा सोड. बाया मरून राह्यल्या."

रंगरावनं पाना नटावर ठेवला. "ऐकू नाई आलं. मोठ्यानं म्हन."

साऱ्या खात्याला ऐकू जाईल असं ती पुन्हा म्हणाली. आवाज फाटला तिचा.

रंगरावनं ते पुरतं ऐकून घेतलं. मंग पाना काढून कमरेला खोचला.

"मास्तरचा हुकूम हाय, बाई. मले हात लावता येत नाई."

दुसऱ्या दिवशी शालूबाईच्या जागी नवी बाई आली. घाम पुसत वर पाहून म्हणाली, "ओ भाऊ, इथं हवा..."

सत्यभामाबाईनं तिचं मनगट धरलं. "त्याले मागू नोको."