वलणीवरची अक्षरं

ती घटना आठवली की आजही मला आधी कडब्याची खाज आठवते, आणि मग बाकीचे सगळे. दुसरे महायुद्ध चालू होते. मी श्रीगोंदा भागात नवा फौजदार होतो, आणि नव्या फौजदाराला जेवढी अक्कल आपल्याजवळ आहे असे वाटते तेवढी मलाही वाटत होती.

त्या काळात सरकारने निरक्षर प्रौढांसाठी साक्षरतेचे वर्ग काढले होते. आमच्या हद्दीतल्या एका गावात बायकांचा वर्ग होता. शेतातली घाई आटोपली की दुपारी धर्मशाळेत पंधरा-वीस बायका पाटी घेऊन बसत. शिकवायला नगरहून आलेली एक बाई होती. वय तिशीचे, नवरा वारलेला, नोकरीवाचून दुसरा आधार नाही. वर्गाच्या पाट्या, पेन्सिली आणि वाचनाची पुस्तके सरकारकडून एका लाकडी पेटीत आली होती. पेटी धर्मशाळेच्या खोलीत, खोलीला कुलूप, आणि किल्ली एकट्या बाईंच्या कमरेला.

एके सकाळी बाईंनी कुलूप उघडले तर पेटी गायब. पोलीस पाटलाने ठाण्यावर वर्दी दिली. पाठोपाठ तालुक्याच्या साक्षरता समितीचे चिटणीस ठाण्यावर येऊन बसले. "कुलूप शाबूत आहे, किल्ली बाईकडे आहे. आणखी काय पुरावा पाहिजे, फौजदारसाहेब? तिला अटक करा, वर्ग आम्ही बंद करतो," असे त्यांचे म्हणणे. त्यांच्या बोलण्यात चूक काढता येत नव्हती, आणि तेच मला आवडले नाही. एवढी सरळ चोरी करायला माणूस फार मूर्ख असावा लागतो.

चैत्राच्या उन्हात दोन शिपाई घेऊन मी सायकलने गावात गेलो. चावडीत बाईंचा जबाब घेतला. त्या रडल्या नाहीत. म्हणाल्या, "साहेब, मला अटक झाली तर नोकरी जाईल, ती माझ्या नशिबाची गोष्ट. पण वर्ग मोडला तर या बायका पुन्हा यायच्या नाहीत. आत्ता कुठं साधी अक्षरं आणि काना-मात्रा झालीत. जोडाक्षरं राहिलीत."

जबाबात जोडाक्षरांचा काय संबंध, असे मला वाटले. तरीही मी ते वाक्य लिहून घेतले. जबाब देणारा जे सांगेल ते लिहायचे, हे मला जुन्या जमादाराने शिकवले होते.

आडावर तोंड धुवून परत आलो, तर सायकलच्या सीटखालच्या पिशवीत एक चिठ्ठी. लष्करी पाकिटाचा फाडलेला खाकी तुकडा, त्यावर पेन्सिलीने दोन ओळी:

मासतरीन चोर नाही
पेटी कडबयात

पहिल्यांदा मला हसू आले. 'मास्तरीण' नाही, 'मासतरीन'. 'कडब्यात' नाही, 'कडबयात'. मग हसू जागच्या जागी थांबले. लिहिणारीला एकही जोडाक्षर येत नव्हते. म्हणजे चिठ्ठी वर्गातल्याच कोणा बाईने लिहिली होती. जिला लिहिणे या बाईंनीच शिकवले, तीच बाईंना वाचवायला धडपडत होती. आणखी एक गोष्ट विचित्र होती. अक्षरांच्या डोक्यावरची रेघ सलग होती, शब्दांच्या मध्येही तुटलेली नव्हती, आणि शेवटच्या अक्षरानंतर बोटभर तशीच पुढे गेलेली होती.

कडबा तर घरोघर होता. कोणाचा, हे तिने लिहिले नव्हते. पण परक्याच्या कडब्याच्या गंजीत काय दडलेय ते एखादी बाई कशी सांगणार? ज्या घरात पेटी होती त्याच घरातून चिठ्ठी आली होती, आणि घराचे नाव लिहायला तिची पेन्सिल धजली नव्हती. चिठ्ठी कोणाची हे गावाला कळले असते, तर तिचे घरात जगणे कठीण झाले असते. गुन्हेगार शोधण्यापेक्षा आता मला तिला लपवायचे जास्त ओझे वाटू लागले.

मी बाईंना म्हणालो, "दुपारी वर्ग भरवा. पाट्या नाहीत, तर मातीत लिहू द्या. मला बघायचंय यांना खरंच काही येतं का, की नुसती हजेरी."

बायका आल्या, पदर ओढून धर्मशाळेच्या अंगणात ओळीने बसल्या. बाईंनी शब्द सांगितला, 'घर'. सगळ्यांनी आधी अक्षरे काढली आणि मग त्यांच्या डोक्यावर रेघ ओढली. एकीने मात्र आधी मातीत लांब रेघ ओढली, आणि मग तिच्याखाली अक्षरे काढली. वीस-बावीस वर्षांची मुलगी. तिचा नवरा पलटणीत होता, आणि सासरा गावातला मानाचा म्हातारा.

मी तिच्याकडे न बघता बाईंना विचारले, "ही अशी उलटी का लिहिते?"

बाईंनी विचारल्यावर ती खाली मान घालून त्यांनाच म्हणाली, "आदी वलनी बांदाया नगं का, बाई? मंग तिच्यावं कापडं वाळाया टाकायची."

बायका हसल्या. मीही हसलो, आणि मनातल्या मनात हात जोडले.

आता थेट त्या घरची गंजी उपसली असती तर चिठ्ठी न बघताही गावाचे बोट तिच्याकडेच गेले असते. म्हणून पंच घेतले आणि गावाच्या दुसऱ्या टोकापासून सुरुवात केली. एकूण एक गंजी तपासायची, असा हुकूम. पहिलीच पोलीस पाटलाची. दोन्ही शिपाई सारा वेळ मला मनातून शिव्या देत होते, आणि खाजवता खाजवता माझ्याही नाकी नऊ आले होते. उन्हे कलायच्या सुमारास म्हाताऱ्याच्या गंजीत पेटी मिळाली. एक पेन्सिलसुद्धा हललेली नव्हती. पंचनामा झाला, पंचांनी अंगठे केले.

म्हातारा म्हणाला, "कुनीतरी टाकली आसंल, फौजदारसाहेब. मला काय म्हाईत? आन् कुलूप तर तसंच हाय म्हनत्यात."

मी त्याला धर्मशाळेत नेले. ते दार जुन्या पद्धतीचे, बिजागऱ्या नसलेले. फळीचेच लाकडी खुंटे वर चौकटीत आणि खाली उंबऱ्याच्या खळग्यात बसवलेले. खालच्या खुंट्याजवळ मला ताजा ओरखडा दिसला होता. शिपायांना दार उचलायला सांगितले. त्यांना हलेना. मी म्हणालो, "जाऊ द्या, आबा. हे काम चार माणसांशिवाय व्हायचं नाही. तुम्ही एकटे काय करणार!"

म्हातारा फणकारला, "ह्या! चार कशापाई? म्याच बसीवलंय हे दार. खालनं पहार सारली का येकला मानूस काडतुया. कुलूप तसंच ऱ्हातंय लोंबत."

बोलून गेला आणि मग जीभ चावली. माणूस गुन्हा लपवतो पण हुन्नर लपवू शकत नाही, हे मी तेव्हापासून कायम पाहत आलो आहे.

त्याला तंबाखू दिली. बराच वेळ त्याने ती मळली आणि तोंडात न टाकताच बोलू लागला. "पोराचं पत्र येतं तवा डाकवाला माज्या हातात देतो. मी ते घिऊन पाटलाकडं जातो, चार मान्सांत वाचून घेतो. मंग घरी यिऊन सांगतो, पोरगं असं म्हनतंय. समदी माज्या तोंडाकडं बघत्यात. उंद्या सून वाचाया लागली, तर मला माज्या पोराचं काय ते तिच्या तोंडून आयकावं लागंल. मंग मी कोन, सायेब?"

मला त्याचा राग येईना. खरे सांगायचे तर गलबलून आले. ज्याच्यापाशी बापपणाची एवढी एकच निशाणी उरली होती, तो ती राखायला पहार घेऊन निघाला होता. पण त्यापायी एक निरपराध बाई तुरुंगात जाणार होती, हेही मी त्याला स्पष्ट सांगितले. तेव्हा त्याने पागोटे काढून डोळे पुसले.

जाताना त्याने विचारले, "पर तुमास्नी सांगितलं कुनी?"

"तुमच्या दारानंच सांगितलं," मी म्हणालो.

म्हाताऱ्याला मी कोर्टापुढे उभे केले. माल पूर्ण मिळालेला, वय झालेले, कबुली दिलेली. मॅजिस्ट्रेटसाहेबांनी चांगल्या वर्तणुकीच्या मुचलक्यावर सोडले. बाईंची नोकरी राहिली. ती चिठ्ठी मात्र मी कागदपत्रांना जोडली नाही. कायद्याने ती माझी चूक होती. चाळीस पानांच्या केस डायरीत तिचा उल्लेख नाही, आणि या चुकीचा मला कधी पश्चात्ताप झाला नाही.

पावसाळ्यानंतर वर्गाची परीक्षा होती. बंदोबस्ताचे निमित्त काढून मी गेलो. धर्मशाळेचे दार म्हाताऱ्याने स्वतः नीट बसवून दिले होते, आणि तोच उंबऱ्याजवळ बसला होता. मला बघून उठला आणि थोडा ओशाळून म्हणाला, "आता पत्र घरीच वाचतो आमी. ती वाचती, मी आयकतो. पाटील मधलं मधलं गाळायचा, सायेब. पोरगं दर खेपंला माजा गुडगा इचारतंय, ते मला ठावंच नव्हतं."

आत त्याची सून पाटीवर आपले नाव लिहीत होती. आधी रेघ, मग अक्षरे. जोडाक्षर आता बरोबर होते. नाव संपले तरी रेघ पुढे रिकामीच होती. तपासायला आलेले साहेब म्हणाले, "बाई, एवढी रेघ जास्त झाली. पुसून टाका."

तिने पाटी जवळ ओढून घेतली. पदराआडून एकदा माझ्याकडे पाहिले, आणि साहेबांना म्हणाली, "ऱ्हाऊ द्या की, सायेब. आजून लई अक्षरं यायची हायती."

नोकरीत मी पुष्कळ पुरावे हाताळले आणि सगळे सरकारजमा केले. तो खाकी तुकडा तेवढा माझ्याकडे राहिला आहे. त्यावरची रेघही शेवटी बोटभर रिकामी आहे.